डिस्कचा मुलुख

"आत्या, आता एकच डाव राहिलाय," सून म्हणाली. "ह्या बारीला चुकलं की संपलं. ह्याचं कुलूप कायमचं बसणार. मग कुणाच्या बापाला निघायचं न्हाई."

ती कॉम्प्युटरपुढं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी तिच्या मागं उभी होते. पडद्यावर इंग्रजीची चौकट होती आणि डिस्क खालच्या डब्याच्या पोटात होती. त्या डिस्कमध्ये माझा नवरा होता, जिवंतपणीचा, मेंढीचा कान हातात धरून बोलणारा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. मला त्याचं तोंड बघायची हौस नव्हती, ते मी जन्मभर बघितलं होतं. मला त्याच्या तोंडातलं एकच वाक्य हवं होतं. ते वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांच्या कानावर पडलं नाही, तर माझी मेंढरं हाकून धाकट्या दिराच्या वाड्यात जाणार होती.

"हात लावू नको त्याला," मी म्हटलं. "ऊठ."

"उठून काय होणार हाय?"

"काय होणार न्हाई. पण आणखी बिघडायचंबी न्हाई."

ती उठली नाही, तिथंच बसून रडायला लागली. वर्गभर पोरांना गप्प बसवणारी मास्तरीण. मी तिला रडू दिलं आणि चहा मीच टाकला.

आमचं घर बीदर जिल्ह्यातल्या औरादच्या कडेला आहे. आम्ही धनगर. मुलगा पुण्याला कंपनीत कामाला, सून इथं सरकारी शाळेत. म्हणून ती माझ्यापाशी राहायची आणि तो सणासुदीला यायचा. कॉम्प्युटर त्यानंच पुण्याहून आणला होता. सुनेला शाळेची कागदपत्रं टाइप करायला बरं पडेल म्हणाला. मी त्यावर दुरडी झाकतो तसं फडकं टाकून ठेवत असे. त्यापलीकडं माझा त्याच्याशी संबंध नव्हता.

आमच्यात मेंढीचा मालक तिच्या कानावरून कळतो. सासरची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक उडवलेलं. माझ्या माहेरची खूण म्हणजे डाव्या कानाला उभी चीर. पहिलं बाळंतपण करून मी परत आले तेव्हा बापानं माझ्याबरोबर थोड्या मेंढ्या दिल्या होत्या, डाव्या कानाच्या. कोकराला नेहमी त्याच्या आईच्या कानाची खूण करायची, ही रीत. मेंढ्याला कुणी विचारत नाही. पुढं सासरची मेंढरं काही रोगानं गेली, काही लग्नात कापली, काही विकली. माझी वाढली. नवरा गेला तेव्हा कळपात डाव्या कानाचीच जास्त होती.

तेरावा झाला आणि दीर दारात आला.

"वैनी, आता तुमचं वय झालं. मेंढरं माझ्या वाड्यात आणतो. तुम्ही पुण्याला जावा, पोरापाशी ऱ्हावा."

"मेंढरं माझी हायेत."

"कान तुमच्या बापाचा असंल. चारा आमच्या घरचा खाल्लाय."

"तुझ्या घरचा चारा? जल्मभर लोकांच्या रानात चारली. तू एक दिवस तरी माझ्यासंगं चालत आलास का?"

तो हसला. त्याला माहीत होतं की तो बाप्या आहे आणि मी नाही. पुण्याला मी एकदा जाऊन आले होते. चौथ्या मजल्यावर मुलाची एक खोली, खिडकीतून दुसऱ्याची खिडकी. तिथं जाऊन मी काय करणार होते? मुलाच्या डब्याला पोळ्या लाटणार होते. माझं पोट मी मेंढरांवर भरत होते. कुणापुढं हात पसरत नव्हते, आणि तेवढ्यासाठीच मला ती हवी होती.

वर्षभर हेच चाललं, शेवटी पंच बसले. तिघं होते. त्यांतले सगळ्यांत थोरले, ज्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा, ते कानडी आणि मराठी एका श्वासात बोलायचे. दिराचं म्हणणं असं, की सासरच्या वाड्यात जन्मलेली सगळी मेंढरं सासरची. माझं म्हणणं, की रीत तशी नाही. अप्पांनी पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "मालक हयात असताना असं कधी बोलला होता का? चार माणसांत? की ही बायकोची म्हणून?"

"चार माणसांत न्हाई. मशिनीपुढं बोलला होता."

"कसल्या मशिनी?"

"शूटिंगच्या."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. "मग ते दाखव," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाचा शब्द ऐकवलास तर आम्ही मान्य करू. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी येतो."

शूटिंग झालं होतं हे खरं होतं. नवरा जायच्या आधी दोन-तीन वर्षं, कातरणीच्या दिवसांत, काही गोरी माणसं आमच्या मेंढरांचं चित्र काढायला आली होती. बीदरच्या मैलूरमधला एक माणूस त्यांच्यासंगं होता, तो त्यांचं इंग्रजी आम्हाला सांगायचा आणि आमचं त्यांना. त्यांच्यात एक बाई होती, ढोपरभर बूट घातलेली. तिनं माझ्या हातातली कातर घेऊन स्वतः मेंढी कातरून दाखवली होती. मला ती बाई आवडली. कातरलेल्या जागी एक ओरखडा नव्हता. त्या दिवशी मी खाली मान घालून कातरत होते आणि नवरा मेंढी धरून मैलूरच्या माणसाशी बोलत होता. कानाचं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ही डाव्या कानाची सगळी हिची. मी ऐकलं. मान वर केली नाही. कातर चालू असताना मान वर करत नसतात.

मैलूरच्या माणसाला सुनेनं फोन करून विचारलं. तो म्हणाला, सिनेमा तयार होऊन त्यांच्या देशात विकायलाही लागला, ज्यांचं चित्र काढलं त्यांच्यासाठी एक डिस्क माझ्याकडं आली आहे. त्यानं ती औरादच्या बसच्या कंडक्टरकडं दिली. मी लोकरीच्या कामात होते, सून शाळेत. स्टँडवरून ती दिरानंच आणली आणि ओट्यावर टाकली. "ही घ्या तुमची मशीन," म्हणाला.

कागदाच्या पाकिटात एकच डिस्क. डब्बा नाही, चिठ्ठी नाही. डिस्कवर मेंढराचं चित्र, इंग्रजी अक्षरं, आणि कडेला एक गोल, सोललेल्या कांद्यासारखा, रेघारेघांचा. त्याच्या मधोमध आकडा होता, 4.

मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. बसच्या पाटीसाठी आणि फोनसाठी शिकावे लागले. चार बघितला आणि माझं डोकं फिरलं. हा चौथा भाग! मग पहिले तीन कुठं आहेत? डिस्क आणली कुणी? दिरानं. मी तशीच त्याच्या दारात गेले आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलले.

"तीन डिस्का काढून घेतलास काय रे? लाज न्हाई वाटत, मेलेल्या भावाचं तोंड लपवायला?"

"वैनी, एकच होती. देवाच्यान."

"देवाला कशाला मधी घालायलास? तुझ्या वाड्यात शोधू का मी?"

त्यानं आपली पेटी उघडून दाखवली, धान्याची कणगीसुद्धा. त्याची बायको रडायला लागली. तीन भाग काही मिळाले नाहीत. तरी मी मानलं नाही. मेंढरं चोरणाऱ्याला डिस्का चोरायला काय वेळ?

मग औरादच्या बाजारात गाण्यांच्या सीडी विकणाऱ्याकडं गेलो, कारण आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ती डिस्क चालत नव्हती. सून म्हणाली, दुकानवाला हिची साधी नक्कल करून देईल, ती चालेल. दुकानवाला मुसलमान, गमत्या. त्यानं डिस्क आपल्या कॉम्प्युटरमध्ये घातली, एक डोळा मिटून पडद्याकडं बघितलं, मग दुसरा मिटून.

"अम्मा, इसको ताला मारे सो है. नक्कल निकलती नै."

"कुलूप कशाला? मेंढरंच तर हायेत आत."

"मेंढरां भी जिसके उसके रहते ना अम्मा. ये डिस्क अपने मुलुक की नै. जिधर की है उधरीच चलती."

त्यानं तरी एकदा नक्कल काढून बघितली. पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन आले आणि कुणीतरी पाण्याखालून ओरडावं तसा आवाज. त्यानं ती नक्कल कचऱ्यात टाकली आणि डिस्क दोन्ही हातांनी परत दिली. "घरके कॉम्प्युटरमें मुलुक बदलके देखो," म्हणाला. "उसमें पूछता, रीजन करके."

घरी आल्यावर सुनेनं शोधलं. खरंच विचारत होता.

"मुलुख कोणता म्हणून विचारायलंय, आत्या. आणि खाली लिहिलंय, पाचच बारी बदलता येतंय. त्यानंतर जे असंल ते कायमचं."

हा प्रश्न औरादच्या माणसाला काही नवा नाही. माझ्या सासऱ्याला निजामाचा शिपाई विचारायचा, मग म्हैसूरवाले विचारायला लागले, मग कर्नाटकाचे. शिरगणतीला येणारा विचारतो, लातूरकडचे सोयरे विचारतात. घर तिथंच, उंबरा तोच, मुलुख मात्र बदलत गेला. आम्ही विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतो. सून मात्र शिकलेली.

"आपण भारतात ऱ्हातो," ती म्हणाली आणि भारत निवडला.

डिस्कनं नाही म्हटलं.

मुलाला पुण्याला फोन लावला. "गोरी माणसं होती ना, माय? मग अमेरिकाच असणार," तो म्हणाला. गोरा म्हटलं की अमेरिका. सुनेनं अमेरिका घातलं. डिस्कनं नाही म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं, की ती माणसं आमच्या ओट्यावर दिवसातून चार वेळा चहा मागत होती. सून म्हणाली, चहा इंग्लंडचे लोक पितात. इंग्लंड. नाही. मैलूरच्या माणसाला फोन केला तर तो बंद. शेजारी म्हणाले, तो बेंगळूरला जायलाय. पुन्हा मुलाला विचारलं. तो म्हणाला, "डिस्क घाण झाली असंल, पुसा आणि परत भारतावर आणा." सुनेनं ती पदरानं पुसली, फुंकर मारली, परत भारत. डिस्कनं चौथ्यांदा नाही म्हटलं, आणि चौकटीत शिल्लक एक राहिला.

तिथपर्यंत आल्यावर मी चहा टाकला होता.

चहा पिऊन झाल्यावर मी कॉम्प्युटरपुढं स्टूल ओढलं. सुनेनं डोळे पुसले होते. चौकटीत देशांच्या नावांची लांब पट्टी होती आणि खाली एक वेगळी ओळ, तिच्यात आकडा. मला तेवढाच वाचता आला.

"हा पाच कशाचा?"

"रीजनचा नंबर. भारत पाचात येतो."

"अन् अमेरिकेला काय आलं होतं?"

तिनं पट्टीत अमेरिका धरली. "एक."

"ए, दाबू नको!"

"दाबत न्हाई, आत्या. ओके म्हणल्याशिवाय ते मोजत न्हाई. नुसतं बघायलेय."

"इंग्लंड?"

"दोन."

"म्हंजी देश बदलला की आकडा बदलतो."

"व्हय."

"डिस्कवर चार हाय."

"तो भागाचा नंबर हाय. तुम्हीच म्हणलात."

"मी म्हणलं म्हणून खरं का? मी चौथी शिकलेली. मास्तरीण तू हायस. डिस्क काढ भायेर."

डिस्क बाहेर आली. सुनेनं ती खिडकीच्या उजेडात धरली आणि माझा कांदा नीट बघितला. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आत्या, हे उभ्या-आडव्या रेघाचं... हा पृथ्वीचा गोल हाय! आमच्या शाळंच्या कपाटावर हाय तसाच!"

"अन् मधी चार."

"मधी चार," ती म्हणाली आणि हसायला लागली. घटकाभरापूर्वी रडत होती ती बाई.

मग ती एकेक देश धरून खालचा आकडा वाचत गेली. पाच, दोन, पाच, दोन. चार आला तो कुठल्यातरी अर्जेंटिनाला. त्याच्या थोडं खाली ऑस्ट्रेलियाला पण चार. तिनं पट्टी थांबवली. आता पुन्हा भांडण. चार दोघांना, डाव एक.

"ती बूटवाली बाई," मी म्हटलं. "मैलूरचा माणूस तिचं बोलणं सांगत होता. तिच्या मुलखात माणसापरीस मेंढरं जास्ती, असं म्हणली होती. अन् आपल्याकडं थंडी असती तवा त्यांच्याकडं ऊन."

"ऑस्ट्रेलिया!" सून खुर्चीतून उठलीच. "अमेरिका कुणी म्हणलं होतं?"

"तुझ्या नवऱ्यानं."

पुढं कुणीतरी सांगितलं, की चार आकडा असलेला कुठलाही देश चालला असता. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. आम्ही ऑस्ट्रेलिया असा जपून धरला, जसा पाय बांधलेला एडका धरतात.

आणि तिथं सून पुन्हा अडली. "पण आत्या, आपण औरादला बसून ऑस्ट्रेलिया लिहायचं? हे खोटं हाय. माझी सरकारी नोकरी हाय. उद्या कुणी विचारलं तर?"

"आपण मेंढरं घेऊन दुसऱ्याच्या रानात बसतो तवा राखणदार काय विचारतो? कुणाचं रान हाय, असं विचारतो. तिथं आपल्या बापाचं नाव घेऊन चालत न्हाई. रानवाल्याचं नाव घ्यावं लागतं. ह्यात खोटं काय हाय? आपण कुठले, हे त्याला नकोच हाय. डिस्क कुठली, हे सांग म्हणायलाय."

"असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलं असतं तर चार बारी चुकली असतीस का?"

ती बाजूला सरकली. "तुम्हीच दाबा मग."

मी दाबलं. ते दाबायचं काय ते तिनं माझ्या बोटाखाली आणून दिलं, उंदरासारखं. चुकलं असतं तर मेंढरं माझी जाणार होती, तिची नाही. म्हणून बोट माझंच बरं.

पडदा काळा झाला. मग पांढरी इंग्रजी अक्षरं आली, दाट, पोलीस ठाण्याच्या पाटीसारखी.

"आता काय म्हणायलंय?"

"नक्कल करू नका, चोरी गुन्हा हाय, असं लिहिलंय."

"चोरी आम्ही करायलाव व्हय? चोर तर पलीकडच्या दारात बसलाय."

अक्षरं गेली आणि डब्यातून मेंढीचं ओरडणं आलं. आमच्या वाड्यातली खरी मेंढरं त्याला उत्तर द्यायला लागली. पडद्यावर औरादचं माळरान होतं, ऊन होतं, आणि पलीकडून कळप येत होता, पुढं माझी पांढऱ्या तोंडाची मेंढी. सुनेनं माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात लाइट गेली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पंच यायच्या तोंडावर आली. म्हणजे डिस्क चालते हे कळलं होतं, पण नवऱ्याचं वाक्य तिच्यात आहे की कापून टाकलंय हे मला माहीत नव्हतं. लग्नाच्या शूटिंगात सोयऱ्यांची निम्मी तोंडं कापलेली असतात. ह्या गोऱ्यांना काय, मेंढरांचं चित्र पाहिजे होतं, आमच्या घरचं भांडण नव्हे.

पंच आले. सुनेनं कॉम्प्युटर टेबलासकट सोप्यात, दाराशी आणला होता, तोंड ओट्याकडं करून. तिघं घोंगडीवर बसले. दीर खांबाला टेकून उभा राहिला. गल्लीतली माणसं अंगणात उभी राहिली, कुणी बोलावलं नव्हतं.

"सिनेमा हाय म्हणं," एक जण म्हणाला.

"धनगराचा सिनेमा. हीरोइन बघा म्हातारी," दुसरा म्हणाला.

"तिकीट काढलास का रे?" मी विचारलं. तो मागं सरकला.

सुरू झालं. आधी एक माणूस इंग्रजीत बोलत होता, दिसत नव्हता. पंचांना त्याची अडचण नव्हती. ते मेंढरं बघत होते.

"हा एडका कुणाचा? मान बघ त्याची."

"लंगडायलीय ती मागची."

"तिला खुराचा आजार झाला होता त्या साली," मी म्हटलं.

"केस लांब हायेत. कातरायला उशीर केलाव तुम्ही."

मग मी आले, पाठीवरून पदर खोचलेली, कातर हातात. अंगणात हशा झाला. माझ्यापुढं मेंढी धरून नवरा बसला होता. मैलूरच्या माणसाचा आवाज आला, कानाचं काय ते सांगा. इंग्रजीवाला बोलायला लागला आणि त्याचा आवाज नवऱ्याच्या आवाजावर चढणार असं वाटलं. पण तो थांबला. नवऱ्याच्या बोलण्याखाली पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, आणि आवाज त्याचाच राहिला, खरखरीत, तंबाखू भरलेला.

"ही उजव्या कानाची माझी. ही डाव्या कानाची हिची. हिच्या बापानं दिलेल्या मेंढ्यांची ही पिलावळ. माझ्या घरातल्या कुणाचा वाटा न्हाई त्यात. बाई तोंडाची फटकळ हाय, पण मेंढरं हिच्याच हातानं जगल्यात."

मग नवऱ्यानं पडद्यावर मान मागं वळवली आणि कुणालातरी म्हणाला, "काय रे, बरोबर हाय का न्हाई?"

त्याच्या मागं, पोत्यात लोकर भरत, माझा दीर उभा होता.

मला ते आठवत नव्हतं. मी मान खाली घालून कातरत होते ना. त्यालाही आठवत नसावं, नाहीतर त्यानं ती डिस्क स्टँडवरून घरी आणलीच नसती. पडद्यावरचा दीर कॅमेऱ्याकडं बघून ओशाळवाणा हसला आणि म्हणाला, "व्हय, सगळी वैनीची."

खांबाला टेकलेला दीर सरळ झाला.

"अप्पा, ते... गोऱ्या माणसांपुढं घरातलं भांडण कशाला म्हणून..."

"तवा भांडण होतं का?"

"न्हवतं, पण..."

"मग तवा व्हय म्हणलास, अन् आता आमच्यापुढं न्हाई कामून म्हणायलास?"

"अप्पा, मी सांगतो..."

"सुम्मनिरू," अप्पा म्हणाले. गप्प बस. मग सुनेकडं वळून म्हणाले, "मास्तरीणबाई, एकदा मागं घ्या ते."

सुनेनं मागं घेतलं. "व्हय, सगळी वैनीची." अप्पांनी आणखी एकदा मागं घ्यायला लावलं. अंगणातल्या माणसांना आता शब्द पाठ झाले होते, ती पडद्याबरोबर म्हणायला लागली. दिराची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. तीसुद्धा!

अप्पा उठले, वाड्यात गेले, मेंढरांच्या कानांवरून हात फिरवत एक फेरी मारली आणि बाहेर येऊन म्हणाले, "डाव्या कानाची हिची. उजव्या कानाची दोन्ही घरांनी वाटून घ्या. झालं." मग परत ओट्यावर बसले. "आता पुढचा सिनेमा लावा. त्या बाईनं मेंढी कशी धरली ते बघायचंय."

सगळा सिनेमा बघूनच पंच उठले. कातर कशी धरावी यावरून त्यांच्यात वाद झाला आणि बूटवाली बाई बरोबर होती असं दोघांनी मान्य केलं.

उजव्या कानाची मेंढरं वाटून झाली, अर्धी दिरानं नेली. माझी वाड्यात राहिली. पुण्याला मी गेले नाही. पोरगा म्हणाला, "माय, अमेरिका म्हणून मीच चुकवलं." मी म्हटलं, "व्हय." दिराला चोर म्हणाले त्याची माफी मी मागितली नाही. डिस्का त्यानं चोरल्या नव्हत्या हे खरं, पण त्या शिव्या मेंढरांसाठी लागू होत्याच, वाया काही गेल्या नाहीत. दोन महिने तो बोलला नाही, मग कातरणीला स्वतःहून आला आणि मेंढ्या धरू लागला. मी धरू दिलं. धरायला माणूस लागतोच.

कॉम्प्युटर मात्र ऑस्ट्रेलियाचा झाला तो झालाच. सुनेनं पुढं मैत्रिणीकडून एक परदेशी सिनेमा आणला, इंग्लंडचा होता, तो चालेना. मुलुख बदलायला गेली तर चौकटीत शून्य. ती म्हणाली, "आत्या, आता आपण तिकडचे." मी म्हटलं, "बरं झालं. तिकडं मेंढरं जास्ती हायेत."

त्या सकाळी आमच्या ओट्यावर जी माणसं होती, त्यांतले अप्पा गेले. दुसरे दोन पंच त्यांच्या मागोमाग गेले. दीर परवाच्या उन्हाळ्यात गेला, त्याची बायको लेकीकडं असते. सून अजून औरादच्या शाळेत आहे. मी आहे.